मानेचा 'कट्ट' आणि नोंदणी क्रमांक : कायरोवाल्यांना कायदा हवा की नको?

अंबडचा_टाइमऑफिसवाला (धागाकर्ता)

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला आहे. मागच्या महिन्यात युनियन आणि मॅनेजमेंट यांचं एकदाचं एकमत झालं, ते 'मोफत मणका तपासणी शिबिर' घेण्यावर. प्रेसशॉप आणि सीएनसीवरच्या पोरांच्या कंबरा कायम धरलेल्या. त्यात कुंभमेळ्याच्या नावाखाली रस्ते खोदून ठेवलेत, गाडीवर येता-जाता जो तो मणक्याच्या नावानं बोंबलतोय. गर्दी होणारच होती.

कँटीनची दोन टेबलं जोडून वर फोमची गादी टाकलेली. बॅनरवर नावाआधी 'डॉ.' आणि खाली 'इंटरनॅशनल सर्टिफाइड कायरोप्रॅक्टर', म्हणजे हातानं झटका देऊन मणके 'सरळ' करणारा. सोबतचा पोरगा रिंगलाइट आणि मोबाइल लावून उभा. आडवं झालेल्या माणसाच्या कॉलरला एक छोटा माइक लावत होते. कशाला, तर मानेचा 'कट्ट' रीलमध्ये नीट ऐकू यावा म्हणून. बीपी कोणाचं घेतलं नाही, आधीचा आजार कोणाला विचारला नाही. 'कुठं दुखतं?', 'अंग सैल सोडा', कट्ट, पुढचा या. एकाच्या हनुवटीखाली पट्टा अडकवून डोकं मागे ओढलं तेव्हा टेबलच सरकलं आणि सगळे टाळ्या पिटत हसले.

गेटपाससाठी मी त्यांच्याकडे नोंदणी क्रमांक मागितला. आमच्याकडे कंत्राटी इलेक्ट्रिशियन आला तरी वायरमनचं लायसन्स बघून आत सोडतात. त्यांनी लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र काढलं, शनिवार-रविवारच्या वर्कशॉपचं. कौन्सिल कुठलं विचारलं तर म्हणाले, "भारतात याला कौन्सिलच नाही साहेब, नोंदणी आणू कुठून?" आणि वैताग असा की हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं.

शिबिरानंतर आमच्या एका हेल्परच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. एमआरआयमध्ये मानेतली गादी बाहेर आलेली दिसली. ती आधीपासून तशी होती की झटक्यानं वाढली, हे आता कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. न्यूरोसर्जननी विचारलं एवढंच, "हात लावायच्या आधी तपासलं का कुणी?"

वडापावच्या गाडीला अन्न परवान्याची नोंदणी लागते. दुसऱ्याची मान पिरगाळायला मात्र काहीच लागत नाही. माझं मत : या लोकांची नोंदणी सक्तीची करा, आणि ती होईपर्यंत मानेला झटका द्यायला सरळ बंदी घाला. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच गावात आहे, म्हसरूळच्या रस्त्याला. तरी लोक रील बघून मान देतात. बोला.

---

फुकटचा_सल्लागार

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जाता जाता सांगतो, मी कॉलेजात असल्यापासून सलूनमध्ये चंपी झाली की मान मोडून घेतो. अजून तरी धाग्यावर प्रतिसाद देण्याइतका शाबूत आहे. (हलके घ्या.)

---

सुनंदा_पिंपळगाव

भाऊ, तुमचा राग कळला. पण कायदा म्हटला की आमच्या पोटात गोळा येतो, तो का येतो तेही ऐका.

आमची द्राक्षाची बाग आहे. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, त्यानंतर डिपिंग, विरळणी. मांडवाखाली बाया दिवसभर मान वर आणि हात वर करून उभ्या असतात. संध्याकाळी मान खाली घ्यायची म्हटली तरी डोळ्यांतून पाणी येतं. उसण भरली, चमक निघाली, मनगट लचकलं तर आम्ही कुठं जायचं? नाशिकला फिजिओकडं गेलं की दहा सिटिंग सांगतात. रोजचं येणं-जाणं आणि वर मजुरी बुडते. दोन वेळा जाऊन तिसऱ्या वेळी कुणी फिरकत नाही.

आमच्याकडं हाडवैद्य आहेत, घराण्यात तिसरी पिढी. पैसे तोंडानं मागत नाहीत. नारळ आणि तुम्ही द्याल ते. लचक काढतात, पट्टी बांधतात, हाड मोडलंय असं हाताला लागलं की थेट सिव्हिलला धाडतात. ह्यांनी नोंदणी क्रमांक कुठून आणायचा? कायदा आला की पहिली धाड ह्यांच्या ओट्यावर पडेल. कॉलेज रोडवरचा एसीवाला वकील लावून सुटेल, हे मी आत्ताच लिहून देते.

बाकी माझ्या सासूबाई उसण भरली की पायाळू माणूस शोधून कमरेत लाथ मारून घ्यायच्या. तिच्यावर पण बंदी आणणार का?

---

गंगापूररोड_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हे आधीच सांगते. म्हणजे पुढं कुणाला शोध लावायचे कष्ट नकोत.

सुनंदाताई, पायाळूची लाथ कमरेत बसते, मानेत नाही. फरक तिथेच आहे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर चढतात, साधारण सहाव्या मणक्यापासून. पहिल्या मणक्यावर पोचल्या की वळसा घेऊन कवटीत शिरतात. डोकं जोरात आणि अचानक फिरवलं तर ताण पडतो तो या वळणावर. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली तर तिथं रक्ताची गुठळी धरते आणि सुटून मेंदूत जाऊ शकते. गरगरणं, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, गिळताना ठसका, चालताना तोल जाणं. हे टेबलावरच होईल असं नाही. काही तासांनी, काही दिवसांनीही होतं, तोपर्यंत माणूस घरी आणि रील व्हायरल. सल्लागार साहेब, सलूनमधली मोडणीसुद्धा हाच प्रकार आहे.

हे दुर्मिळ आहे, मान्य. पण माझी रोजची काळजी याहून साधी आहे. आपल्याकडे मणक्याचा टीबी आहे. पाठ दुखतेय, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतंय, दुखण्यानं रात्री जाग येते, असा पेशंट आला तर त्याला हात लावायच्या आधी एक्स-रे आणि रक्त. पोखरलेल्या मणक्यावर झटका दिला तर पाय जाऊ शकतात. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणारे, हाडं ठिसूळ झालेल्या आजी, कुठल्यातरी कॅन्सरची गाठ मणक्यात उतरलेले लोक, यांच्याबाबतीतही तेच. आणि लघवी अडकली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल लुळं पडलं तर ते फिजिओचंही काम नाही, त्याच दिवशी सर्जन. हे सगळं ओळखायला आम्हाला साडेचार वर्षं शिकवलं. शनिवार-रविवारी शिकवतात ते फक्त 'कट्ट' कसा काढायचा ते.

आणि तो आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याची पावती नव्हे. सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी तयार होते, तिचा आवाज असतो तो. बोटं मोडताना येतो तोच.

---

विंचूरचे_नाना

वाटच बघत होतो. गिऱ्हाईक हललं की पोटतिडीक सुरू!

माझी कमरेतली L4-L5 गादी सरकली होती. नोंदणीकृत, सुवर्णपदकवाल्या सर्जननी पाच मिनिटांत सांगितलं, ऑपरेशन. खर्चाचा आकडा ऐकून बायको खुर्चीत बसली. मग इंदिरानगरला एका कायरोवाल्याकडे गेलो. त्यांनी माझ्याशी अर्धा तास बोलून घेतलं, अंगाला हात लावून बघितलं, जे त्या सर्जननी केलंच नव्हतं. आज बुलेट चालवतोय, बाग चालवतोय. तुमच्या नोंदणीवाल्यांच्या हातून टेबलावर माणसं दगावतात, बिलं फुगतात, तेव्हा कुठं असतं कौन्सिल? आणि ताई, तुम्ही लोक तरी नावापुढे 'डॉ.' का लावता? सप्टेंबर २०२५ ला दिल्लीहून आरोग्य महासंचालनालयाचं पत्र निघालं होतं ना, फिजिओंनी लावू नये म्हणून?

---

गंगापूररोड_फिजिओ

नाना, ते पत्र लगेच मागं घेतलं गेलं, तेही सांगा की. पण माझ्या पाटीवर 'डॉ.' नाही, येऊन बघा.

तुमची कंबर सुटली याचा आनंद आहे, खरंच. फक्त एवढं लक्षात घ्या की सरकलेल्या गादीचं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत, ऑपरेशनशिवाय ओसरतं. त्या काळात तुम्ही ज्याच्याकडे असाल त्याला श्रेय मिळतं. सर्जननी घाई केली असेल तर ते चूकच, त्यांची बाजू मी घेणार नाही.

आणि कमरेच्या मॅनिप्युलेशनला, म्हणजे हातानं झटका देऊन सांधा मोकळा करण्याला, मी नावं ठेवत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनी २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी जे उपाय सुचवले, त्यांत शेक, मसाज, व्यायाम यांच्याबरोबर तेही आहे. आम्हीही करतो. भांडण हातांशी नाही, आधी न तपासण्याशी आहे.

---

पदवीवाला_कायरो

बराच वेळ वाचतोय, आता राहवेना. मी बाहेर शिकून आलेला कायरोप्रॅक्टर आहे. पूर्णवेळ कोर्स, प्रेत-विच्छेदनापासून एक्स-रे वाचण्यापर्यंत सगळं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये या विषयावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात पूर्ण प्रशिक्षणाला किमान ४,२०० तास सांगितलेत, त्यातले १,००० देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटवर. धागाकर्त्यांच्या कँटीनमध्ये आलेल्या गृहस्थांचे तास मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतील.

म्हणून कायदा कोणाला सगळ्यात जास्त हवाय, तर मला. रीलवाल्यांमुळे माझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारतो, "एवढाच आवाज? व्हिडिओत तर मोठा येतो." आता काय बोलणार!

इतिहासही थोडा सांगतो. या पद्धतीचा जनक डी. डी. पामर. १८९५ साली अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्टमध्ये त्यानं पहिला उपचार केला, इमारतीची साफसफाई करणाऱ्या एका कामगारावर. हाच पामर १९०६ मध्ये परवान्याविना वैद्यकी केली म्हणून तुरुंगात गेला. तिथं पहिला परवाना कायदा १९१३ मध्ये कॅन्ससनं केला आणि शेवटचं राज्य लुइझियाना, १९७४. साठ वर्षं भांडण चाललं. ब्रिटननं १९९४ मध्ये स्वतंत्र कायदा करून जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल नेमलं. तिथं नोंदणी नसताना स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं हाच गुन्हा आहे. आपण सुरुवात निदान तिथून करू.

मानेवर सरसकट बंदी मात्र मला पटत नाही. कॅनडात २००८ साली मोठा अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की या प्रकारचा स्ट्रोक जसा कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आल्यावर दिसतो, तसाच साध्या फॅमिली डॉक्टरकडे जाऊन आल्यावरही दिसतो. कारण धमनीला आधीच चीर पडत असते, तिनं मान दुखते आणि मान दुखते म्हणून माणूस कुणाकडे तरी जातो.

---

तर्ककर्कश

पदवीवाल्यांनी इतिहास सांगितला, सोयीचा तेवढा.

पामरचं म्हणणं काय होतं? जवळजवळ सगळे रोग मणके किंचित सरकल्यामुळे, मज्जातंतूंवर दाब आल्यामुळे होतात आणि ते सरळ केले की बरे होतात. पहिल्या पेशंटचं तर म्हणे बहिरेपण गेलं. हा 'सरकलेला मणका' एक्स-रेवर दाखवा म्हटलं तर आजवर कुणाला धड दाखवता आलेला नाही. त्याच्या कौन्सिलचा तुम्ही फलक लावणार, खाली राजमुद्रा येणार, आणि कॉलेज रोडवर उद्या पाटी झळकणार, 'शासनमान्य'. आज निदान लोकांच्या मनात शंका तरी आहे. तीही तुम्ही काढून घेताय.

ब्रिटनचंच घ्या. २००८ मध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकानं लिहिलं की लहान बाळांचं पोट दुखणं, दमा असल्या गोष्टी मणके दाबून बऱ्या होतात या दाव्यांना पुरावा नाही. तिथल्या कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेनं त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. दोन वर्षं त्याला कोर्टात झुलवलं आणि २०१० मध्ये दावा मागं घेतला. हे सगळं कायदा आणि कौन्सिल असताना झालं. २०१७ मध्ये यॉर्कला ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ पाय दुखतो म्हणून कायरोप्रॅक्टरकडे गेले. टेबलावर मानेला इजा झाली आणि ते वारले. उपचार करणारी व्यक्ती रीतसर नोंदणीकृत होती. नोंदणीनं त्यांचं काय भलं झालं?

तो कॅनडाचा अभ्यासही अर्धाच सांगितलात. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ मध्ये सगळे पुरावे एकत्र पाहिले. म्हणणं असं, की कार्यकारण सिद्ध झालेलं नाही, पण संबंध दिसतो, म्हणून मानेला झटका देण्याआधी पेशंटला हा धोका सांगितला पाहिजे. तुम्ही सांगता का?

---

पदवीवाला_कायरो

सांगतो. लेखी सही घेतो, मराठीत. आणि पामरचा तो सिद्धांत आमच्या वर्गात इतिहास म्हणून शिकवला, उपचार म्हणून नाही. सगळ्या कॉलेजांत तसं आहे असा दावा मात्र करत नाही.

यॉर्कचं उदाहरण तुमच्याविरुद्धच जातं. नोंदणी होती म्हणून मृत्यूची चौकशी झाली तेव्हा जाब विचारायला माणूस, पत्ता आणि कौन्सिल होतं. आपल्याकडे काय झालं असतं? बॅनर बदलून पुढच्या एमआयडीसीत शिबिर.

---

तर्ककर्कश

म्हणजे माणूस गेल्यावर कागद सापडतात, ही सोय झाली म्हणायची. धन्य.

---

फुकटचा_सल्लागार

इथं कोणी वकील आहे का? नुसतंच 'कायदा करा, कायदा करा' चाललंय. आत्ता कायदा काय आहे ते तरी कळू द्या.

---

सीबीएसचा_वकील

आहे, कोर्टातून आत्ताच आलोय. मुद्दे जमतील तसे लिहितो, क्रम लावत बसणार नाही.

महाराष्ट्रात फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांसाठी राज्य परिषदेचा कायदा २००२ चा आहे. केंद्रानं २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग कायदा केला. त्याच्या अनुसूचीत दहा गट आहेत, फिजिओथेरपी त्यांत स्वतंत्र आहे. कायरोप्रॅक्टरचा गट तिथं नाही. तेव्हा कँटीनवाले गृहस्थ म्हणाले ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर.

पण म्हणून रान मोकळं आहे असं नव्हे. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१, कलम ३३ : नोंदणी नसताना वैद्यक व्यवसाय केला तर कैद. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये पूनम वर्मा वि. अश्विन पटेल खटल्यात सांगितलंय की ज्या उपचारपद्धतीचं ज्ञान नाही ती वापरणारा तो भोंदू वैद्य. तिथं तर होमिओपॅथीची रीतसर नोंदणी असलेला माणूस होता, त्यानं ॲलोपॅथीची औषधं दिली. मात्र कायरोवाला उभा राहून म्हणतो, "मी औषध देत नाही, निदान करत नाही, वेलनेस देतो." मग हे 'वैद्यक व्यवसाय' आहे की नाही यावरच तारखा पडत राहतात. बॅनरवर 'डॉ.' आणि 'स्लिप डिस्कवर उपचार' असं छापलं असेल तर फिर्यादीचं काम सोपं होतं. फोटो काढून ठेवा.

जाहिरातींचा १९५४ चा कायदा लोक सांगतात, जादूटोण्याच्या औषधांचा. त्याच्या यादीत उंची वाढवणंसुद्धा आहे, आणि रीलवाले 'दोन सेंटिमीटर उंची वाढली' असं बिनधास्त म्हणतात. पण तो कायदा औषधं आणि ताईत-मंत्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. नुसत्या हाताच्या झटक्याला तो लावायचा म्हणजे ओढाताण.

आता या धाग्यातली सगळ्यात बेरकी गोष्ट : शिबिर 'मोफत' होतं. ग्राहक संरक्षण कायद्यात फुकट दिलेली सेवा 'सेवा' धरत नाहीत. शांता खटल्यात १९९५ मध्ये डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले, पण जिथं सगळ्यांनाच फुकट मिळतं ती जागा वगळली. तुमच्या हेल्परनं ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर समोरचा वकील पहिल्या तारखेला हेच म्हणेल. फुकट शिबिरातून रील निघते आणि रीलवरून पैसे देणारे पेशंट येतात, हा फायदा कसा मोजायचा यावर मी युक्तिवाद करीन, पण जिंकेन असं सांगत नाही.

मृत्यू झालाच तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६. हलगर्जीपणाला पाच वर्षांपर्यंत, नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचारात झालं तर दोन वर्षांपर्यंत. म्हणजे नोंदणी नसणं तिथं महाग पडतं, पण ते शेवटी.

---

सुनंदा_पिंपळगाव

वकीलसाहेब, तुमच्या कलम ३३ मध्ये आमचे हाडवैद्य बसतात का? सरळ उत्तर द्या.

---

सीबीएसचा_वकील

सरळ उत्तर : तक्रार झाली तर बसू शकतात. हौसेनं किंवा धर्मादाय म्हणून करणाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी, पण 'तुम्ही द्याल ते' हा फीचाच प्रकार आहे असंही म्हणता येतं. बोगस डॉक्टरांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, महापालिकेच्या हद्दीत वेगळी. तिच्याकडे अर्ज गेला की ती हाडवैद्य आणि एसीवाला असा भेद करायला बांधील नाही.

---

सुनंदा_पिंपळगाव

तरी मी काय म्हणत होते!

---

अंबडचा_टाइमऑफिसवाला (धागाकर्ता)

सुनंदाताई, तुमच्या हाडवैद्यांवर धाड पडावी हा माझा हेतू नव्हता. पण एक विचारतो, ते मानेला हात लावतात का?

---

सुनंदा_पिंपळगाव

नाही लावत. "मान आपल्या कामातली नाही" म्हणतात. वडिलांनी घातलेली अट आहे त्यांना. लहान लेकराला पण हात लावत नाहीत, त्याच्या आईला डॉक्टरकडं पाठवतात.

आता तुम्ही सगळे म्हणाल, बघा, बंदीचाच मुद्दा सिद्ध झाला. होऊ द्या. मी कुठं म्हटलं मानेला झटका द्यावा? मी म्हणते, शिकलेल्याला जे सांगून कळत नाही ते ह्यांना बापानं सांगितलेलं कळतं, तर ह्यांना बोगसच्या यादीत टाकू नका. दायांचं काय केलं होतं सरकारनं? एके काळी गावोगावच्या दायांना बोलावून प्रशिक्षण दिलं, सामानाची पेटी दिली, कुठली बाई घरी ठेवायची नाही ते शिकवलं. तसं हाडवैद्यांचं करा. ताईंनी लिहिलेली ती टीबीची लक्षणं त्यांना सांगितली तर ते पण पेशंट पाठवतील.

---

गंगापूररोड_फिजिओ

सुनंदाताई, हे मला पूर्ण पटलं. दायांच्या बाबतीत पुढे दवाखान्यातल्या बाळंतपणावर भर आला, पण धोक्याची बाई ओळखून वेळेत पाठवायची हे त्या शिकल्याच. तुमचे हाडवैद्य तयार असतील तर मी येऊन बसेन त्यांच्याबरोबर. बॅनर नको, मोबाइल नको.

---

विंचूरचे_नाना

म्हणजे बिनपरवान्याचा गावातला चालतो, शहरातला नाही? हा कुठला न्याय? माझ्या कायरोवाल्यानं मला अर्धा तास विचारपूस करूनच हात लावला होता. त्यालाही बसवा शेजारी.

---

पदवीवाला_कायरो

नानांचा प्रश्न योग्य आहे. नियम एकच ठेवा : आधी तपासणी लिहून काढायची, धोका सांगायचा, सही घ्यायची, कुठल्या पेशंटला हात लावायचा नाही याची यादी भिंतीवर. जो पाळेल तो आत. मग तो डेव्हनपोर्टचा असो, पिंपळगावचा असो की इंदिरानगरचा.

---

तर्ककर्कश

आणि पाळतो की नाही हे बघायला कोण जाणार? तेच खातं, ज्याच्याकडे औषध दुकानं तपासायला माणसं नाहीत? कायद्याचा मसुदा करा खुशाल. मी फक्त एवढं मागतो की कौन्सिल निघालंच तर पहिल्या पानावर लिहा, दमा, बहिरेपण, बाळाचं रडणं, उंची, यांतलं काहीही मणका दाबून बरं होत नाही आणि तसा दावा केला की नोंदणी रद्द.

---

फुकटचा_सल्लागार

हे वाक्य रीलमध्ये टाका कोणीतरी, माइक लावून.

---

अंबडचा_टाइमऑफिसवाला (धागाकर्ता)

कंपनीतलं अपडेट देतो. सेफ्टी कमिटीत विषय निघाला. यापुढे आवारात आरोग्य शिबिर घ्यायचं तर येणाऱ्या प्रत्येकाचा कौन्सिल नोंदणी क्रमांक आधी टाइम ऑफिसला. क्रमांक नसेल तर गेटपास नाही. युनियनचे लोक थोडे कुरकुरले, कारण पोरांना तो प्रकार आवडला होता. हेल्परचा उपचार ईएसआयमधून चाललाय, मुंग्या कमी आहेत, पकड अजून पूर्ण आलेली नाही. त्या गृहस्थांना फोन केला तर म्हणाले, "आधीच होतं त्यांना." त्यांच्या पानावर आमच्या कँटीनची रील अजून आहे, खाली आमच्याच पोरांच्या टाळ्या.

वकीलसाहेब, समितीकडे अर्ज करायचा झाला तर मसुदा करून द्याल का? आणि वेगळं एक निवेदन आरोग्यमंत्र्यांना, कायरोप्रॅक्टरची नोंदणी आणि मानेवरच्या बंदीसाठी.

---

सीबीएसचा_वकील

दोन्ही करतो. अर्जाला बॅनरचा फोटो, त्या रीलची प्रत तारखेसह, एमआरआय आणि हेल्परचा जबाब जोडा. जबाब त्याच्या शब्दांत, तुमच्या नाही.

---

सुनंदा_पिंपळगाव

निवेदनात आमचं पण एक कलम घाला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओचं पद मंजूर करा आणि भरा, कागदावर नको, माणूस बसलेला दिसला पाहिजे. छाटणीच्या दिवसांत संध्याकाळी उघडं ठेवा, कारण दिवसा बाया मांडवाखाली असतात. हे झाल्यावर आमच्या हाडवैद्याला नोटीस काढा, मी स्वतः घेऊन जाईन त्यांच्याकडं. त्याच्या आधी काढली तर गावातून पहिला मोर्चा माझा.

---

विंचूरचे_नाना

सुनंदाताईंच्या कलमाखाली माझी सही धरा. मानेच्या बंदीखाली धरू नका. मला मानेचंही दुखणं आहे आणि पुढच्या मंगळवारी इंदिरानगरला अपॉइंटमेंट आहे. बीपी मोजायला सांगेन, तुमच्या समाधानासाठी.

---

गंगापूररोड_फिजिओ

नाना, मोजायलाच सांगू नका, आणखी एक विचारा : "मान न फिरवता काही करता येतं का?" 'नाही' म्हणाले तर उठून या.